पायरीमामा आणि दोन इंग्रजी शब्द

पायरीमामांना इंग्रजीतले दोनच शब्द अर्थासकट येतात. ‘येस’ आणि ‘नो’ असतील असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. एक ‘स्कॅटर’ आणि दुसरा ‘डिस्पर्स’. हे शब्द ते एकोणसाठाव्या वर्षी शिकले, तीन दिवसांत शिकले, आणि असे शिकले की आता कुणी झोपेतून उठवून फरक विचारला तरी सांगतील. चांगले शिकलेले लोक इथे अडखळतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मामा एका थिएटरात डोअरकीपर होते. चौतीस वर्षं. त्या चौतीस वर्षांत पडद्यावर इंग्रजी सिनेमे काही कमी लागले नाहीत, पण मामा पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे. “सिनेमा काय, तोच तोच असतो,” ते म्हणायचे, “माणसं रोज नवी येतात.” बाहेर पडायच्या मुख्य दाराशी एक पायरी होती. वरून गालिचा अंथरलेला, त्यामुळे ती दिसायची नाही, नुसती लागायची. प्रत्येक खेळ सुटला की मामा त्या पायरीपाशी उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, “सावकाश, पायरी आहे.” चारशे माणसं असली तर चारशे वेळा. मालकांनी पायरी फोडून उतार करायचं ठरवलं होतं, ते ठरून अठरा वर्षं झाली. तोवर मामांचं खरं नाव लोक विसरले आणि पायरीमामा हे नाव चिकटलं.

सवय इतकी अंगात मुरलेली की घरी आलेले पाहुणे निघाले तरी मामा दारात उभे राहून म्हणायचे, “सावकाश, पायरी आहे.” घर तळमजल्यावर, सपाट फरशी.

“अहो, कुठली पायरी?” मामी कपाळावर हात मारायच्या. “ती माणसं बिचारी पाय उचलतात आणि तोल जातो त्यांचा!”

मामांना ही पायरी अशी का धरून बसली, त्यालाही कारण आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मध्यंतरानंतर अंधार झाला आणि कुणाच्या तरी पायाला खाली पडलेला पट्टा लागला. कमरेचा पट्टा, चामड्याचा. तो माणूस ओरडला, “साप!” झालं. तीनशे माणसांना पळता भुई थोडी झाली. वाट फुटेल तिकडे माणसं धावली, काहीजण तर पडद्याच्या मागे शिरले आणि तिथून त्यांना संध्याकाळी काढावं लागलं. हॉल रिकामा झाल्यावर मामा एकटेच विजेरी घेऊन आत गेले. खुर्च्यांखाली एकोणसत्तर चपला, चार चष्मे, एक कवळी आणि एक काठी सापडली. ज्या आजोबांना काठीशिवाय चालता येत नव्हतं, ते काठीशिवाय धावले होते.

एकोणसत्तर हा आकडा मामांच्या डोक्यात कायमचा बसला. म्हणजे कुणीतरी एकाच पायात चप्पल घालून घरी गेलं. त्या माणसाची मामांना अजूनही काळजी वाटते.

त्या दिवसापासून मामांनी दोन गोष्टी सुरू केल्या. खेळ सुटताना सगळ्यांना एकदम सोडायचं नाही, शेवटच्या रांगेपासून एकेक रांग उठवायची, कारण शेवटची रांग दाराजवळ. विजेरी माणसांच्या तोंडावर नाही, पायरीवर मारायची, कारण अंधारात माणूस उजेडाच्या मागे जातो. ही झाली एक गोष्ट. दुसरी म्हणजे पत्र्याची पेटी. खुर्च्यांखाली सापडेल ते पेटीत, आणि वहीत नोंद: तारीख, वस्तू, कुठे सापडली, मालकाची सही, शेरा.

पेटीला एक नियम होता. वस्तू ज्याची आहे त्यानेच यायचं, खूण सांगायची, सही करायची. दुसऱ्या कुणाला ती दाखवायचीसुद्धा नाही. हा नियम मामांना फार महागात पडून सुचला होता. सुरुवातीला एकदा एक गृहस्थ येऊन म्हणाले, आमच्या घरातल्या बाईंची फुलाफुलांची छत्री इथे राहिली आहे का? मामांनी भोळेपणाने पेटी उघडून दाखवली. त्या बाई घरी दवाखान्यात जाते असं सांगून दुपारचा खेळ बघायला येत. दर बुधवारी यायच्या, हसायच्या जागी सगळ्यांच्या आधी हसायच्या. छत्री दाखवली आणि त्या बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत. मामांना त्याचं फार वाईट वाटलं. आपण एका बाईचं हसू बंद केलं, असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मामांना निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते. एका मंगळवारी तीनच्या खेळाला डाव्या भिंतीमागची पंख्याची मोटार जळाली. दिवे गेले, पडदा गेला, धूर आत यायला लागला. हॉलमध्ये चारशे बारा माणसं. मामांनी विजेरी पायरीवर मारली आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली, “शेवटची रांग, चला. सावकाश, पायरी आहे.” आठ मिनिटांत हॉल रिकामा. पब्लिकमध्ये कुणाला खरचटलंही नाही. एका काकूंनी तर पायरीवरच थांबून विचारलं, “उरलेला सिनेमा मग कधी दाखवणार?” मामांनी त्यांनाही सांगितलं, “आधी पायरी उतरा काकू, मग बघू.”

अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा थिएटरचे मॅनेजरसाहेब रस्त्याच्या पलीकडे सापडले. एका उभ्या स्कूटरच्या मागे उभे होते, त्यामुळे कमरेखालचं कुणाला दिसत नव्हतं.

“तुम्ही मॅनेजर ना? मग इकडे काय करताय?” गाडीवरच्या माणसाने विचारलं.

“पब्लिक गोळा करतोय,” साहेब म्हणाले.

तोंडातून एकदा निघालेला शब्द निस्तरायला मग पुढचं सगळं लागलं. पब्लिक गोळा करायचं, तर ते आधी इकडेतिकडे पळालेलं हवं. पळालेलं हवं, तर कुणीतरी पळवलेलं हवं. साहेबांनी रात्र न दवडता इंग्रजीत अहवाल लिहिला. गुडघ्याला ही भली मोठी पट्टी बांधून ते दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि लंगडत लंगडत सांगू लागले, “लोकांना वाचवताना लागलं.”

अहवाल टाइप केला तिकीटबाईंनी. खिडकीवर तिकिटं विकायची आणि दुपारी साहेबांचं टाइपिंग करायचं, असं त्यांचं दुहेरी काम. त्या डोळ्यांत पाणी आणून मामांकडे आल्या.

“मामा, तुमच्यावर ढकललंय सगळं. डोअरकीपर गोंधळला, दार नीट सांभाळलं नाही, पब्लिक ‘स्कॅटर’ झालं, असं लिहिलंय. तुम्हाला दारावरून ताबडतोब काढा म्हणून शिफारस आहे. शुक्रवारी अग्निशमनच्या बाई चौकशीला येणार आहेत.”

“काय झालं म्हणे पब्लिक?”

“स्कॅटर. आणि गंमत सांगू? आधी साहेबांनी स्वतःच ‘डिस्पर्स’ लिहिलं होतं. मग खोडलं आणि ‘स्कॅटर’ केलं.”

म्हणजे ध चा मा झाला होता. बाईंनी एका तिकिटाच्या पाठीमागे दोन्ही शब्द लिहून दिले. मामा ते तिकीट खिशात घालून घरी गेले. चौतीस वर्षं दारावर काढली आणि शेवटचा खेळ आपल्या हाताने सोडून त्याच दारातून बाहेर पडायचं, एवढी एकच इच्छा या माणसाची. आता ते दारच हातचं जाणार, आणि वर गोंधळेकर म्हणून नाव. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

मामांची सून शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. तिने शब्दकोश काढला. स्कॅटर: विखुरणे, पांगणे. डिस्पर्स: पांगणे, विखुरणे.

“नुसता क्रम बदललाय की!” मामा म्हणाले. “एवढं जाड पुस्तक कशाला मग?”

“बाबा, फरक आहे,” सून म्हणाली. “धुकं डिस्पर्स होतं. सभा संपली की लोक डिस्पर्स होतात.”

“आणि स्कॅटर?”

सून शिक्षिका असल्यामुळे तिला प्रयोग करून दाखवायची खोड. तिने मामींचा बटणांचा डबा उचलला आणि खोलीच्या मधोमध उपडा केला. बटणं टणाटण उडाली, काही कपाटाखाली, काही पलंगाखाली, एक तर सरळ मोरीत गेलं.

“हे स्कॅटर!” सून विजयाने म्हणाली.

“अगं बाई, माझी बटणं!” मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. “दोघं सासरा-सून एका माळेचे मणी!”

“आई, शब्द शिकवत होते.”

“शब्द शिकवायला तोंड पुरतं ना? आणि काय हो, त्या दिवशी पब्लिक कसं गेलं?”

“आता पाहुणे जातात तसं गेलं,” मामा म्हणाले.

“तुमच्या बहिणीकडचे पाहुणे ना विखुरत, ना पांगत. बसूनच राहतात,” असं म्हणून मामी गुडघ्यावर बसल्या आणि बटणं वेचायला लागल्या. पलंगाखालून त्यांचा आवाज आला, “फरक पुस्तकाला काय विचारता? मागे ज्याला उचलावं लागतं, त्याला विचारा!”

मामा पलंगाकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी पलंगाखाली बघितलं आणि म्हणाले, “बरोबर बोललीस.” लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, हे वाक्य मामींनी पहिल्यांदाच ऐकलं. दोन बटणं त्यांच्या हातून परत पडली.

दुसऱ्या दिवशी मामांनी मामींना पेटीतली मंगळवारची नोंद सांगितली आणि घरात नवीनच वादळ उठलं. कारण मंगळवारी हॉलमध्ये एकच वस्तू सापडली होती. एक बूट. डाव्या पायाचा, काळा, आत मोजा. जागा: शेवटची रांग, कोपऱ्यातली खुर्ची. त्या खुर्चीचं तिकीट कधीच विकलं जात नाही. दुपारी तीनच्या खेळाला मॅनेजरसाहेब तिथे बूट काढून, गार वाऱ्यात तासभर डोळे मिटून ‘हॉलची पाहणी’ करतात, हे थिएटरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

“मग दाखवा की तो बूट!” मामी म्हणाल्या. “गळ्यात बांधून जा शुक्रवारी! चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या!”

“नाही दाखवता येणार. मालक आलेला नाही अजून.”

“अहो, मालक कशाला येईल? मेला येईल का तो?”

“मग राहील पेटीत.”

“तुमचं दार जाईल!”

मामांना आपलं दार हवं होतं, फार हवं होतं. पण ती फुलाफुलांची छत्रीही डोळ्यांसमोरून जात नव्हती. मामी शुक्रवारपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत, फक्त ताट जरा जोरात ठेवायच्या.

शुक्रवारी चौकशीच्या बाई आल्या. उंच, खाकी कपड्यातल्या, सर्दीने नाक लाल झालेलं. मॅनेजरच्या खोलीत टेबलाभोवती चौघं बसली: बाई, साहेब, लिहून घ्यायला तिकीटबाई, आणि खुर्चीच्या अगदी काठावर मामा. साहेबांचे बूट कोरे करकरीत होते. पाय हलवला की वाजत.

“अहवालात लिहिलंय पब्लिक स्कॅटर झालं,” बाई म्हणाल्या. “मामा, तुमचं काय म्हणणं?”

“डिस्पर्स,” मामा म्हणाले.

साहेबांनी चमकून पाहिलं. टेबलावरची पेन्सिल बोलली असती तरी त्यांना एवढं नवल वाटलं नसतं.

“मॅडम, याला काय कळतंय त्यातलं?” ते म्हणाले. “डोअरकीपर, आपली पायरी ओळखून बोला.”

“चौतीस वर्षं लोकांना तिचीच ओळख करून देतोय, साहेब,” मामा नम्रपणे म्हणाले.

बाईंनी रुमालात शिंकल्यासारखं केलं. “दोन्हींचा अर्थ एकच नाही का?”

“नाही बाई. माणसं पांगतात तेव्हा आपापलं घेऊन जातात. चप्पल, पिशवी, चष्मा. जायचं कुठे ते त्यांना माहीत असतं. विखुरतात तेव्हा सगळं टाकून जातात. फरक माणसांत बघायचा नाही, ती तर गेलेली असतात. मागे काय राहिलं ते बघायचं.” मामांनी वही उघडून पुढे सरकवली. “हा सापाचा दिवस. एकोणसत्तर चपला. दोन पानं भरलीत. हे स्कॅटर. आणि हा मंगळवार, चारशे बारा माणसं.”

बाईंनी मंगळवारचं पान पाहिलं. पानावर एकच ओळ होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. “एक बूट, डाव्या पायाचा, काळा, आत मोजा. शेवटची रांग, कोपऱ्यातली खुर्ची.” मग वर पाहिलं. “बघू तो बूट.”

“तुमचा आहे का?”

“माझा? नाही!”

“मग नाही दाखवता येणार.”

“मामा, मी चौकशी अधिकारी आहे.”

“आहात ना. पण बूट तुमचा नाही.” मामांच्या कपाळावर घाम आला होता. “ज्याचा आहे त्याने यावं, खूण सांगावी, घेऊन जावा. लोक अंधारात येऊन बसतात, बाई. तिथे काय विसरले ते चारचौघांत दाखवायचं नसतं. मला काढायचं तर काढा.”

तिकीटबाईंची बोटं थांबली होती.

“बरं,” बाई म्हणाल्या, “त्या खुर्चीचं तिकीट कुणाला विकलं होतं?”

तिकीटबाईंनी खाली मान घालून सांगितलं, “ती खुर्ची आम्ही विकत नाही.”

“मग तिथे बसलं कोण होतं?”

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे पाहत होते. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी टेबलाखाली पाय मागे ओढले, तर बूट वाजले. पुन्हा ओढले, पुन्हा वाजले. एवढ्या शांततेत तो आवाज फार मोठा वाटला.

“मॅडम,” साहेब शेवटी म्हणाले, “मी विचार करत होतो. तो शब्द... म्हणजे घाईत लिहिला गेला. ‘डिस्पर्स’च बरोबर वाटतं.”

“आणि डोअरकीपर गोंधळला, ते?”

“तेही घाईतच.”

“दारावरून काढा, ते?”

साहेबांनी नुसती मान हलवली. बाईंनी अहवालात तिन्ही ठिकाणी रेघ मारली आणि कडेला सही केली. उठताना त्यांनी टेबलाखाली एकदा पाहिलं.

“नवीन का?” त्यांनी विचारलं.

“हो,” साहेब म्हणाले.

“चावत असतील,” बाई म्हणाल्या आणि नाक पुसत निघून गेल्या. पायरीपाशी मामांनी त्यांनाही सांगितलं.

मामा पेटीजवळ येऊन बसले. दार राहिलं होतं. त्यांना रडू आलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून ते थोडं रडलेही. तिकीटबाई बघत होत्या, पण त्यांनी ते आजवर फक्त माझ्याजवळ सांगितलं आहे.

तीनचा खेळ सुरू झाल्यावर साहेब आले. इकडेतिकडे पाहून पेटीसमोर उभे राहिले.

“मामा,” ते म्हणाले. मामा म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ.

“काय हरवलं?” मामांनी वही उघडली. नियम म्हणजे नियम.

“तुम्हाला माहीत आहे की.”

“तुम्ही सांगायचं असतं.”

“बूट.”

“कुठला पाय?”

“डावा.”

“खूण काही?”

साहेबांनी घसा साफ केला. “आत मोजा आहे. टाचेला भोक पडलेला.”

मामांनी पेटी उघडली. बूट कागदात नीट बांधून ठेवला होता, वरची धूळसुद्धा पुसलेली. साहेबांनी सही केली. तेवढ्यात त्यांचं लक्ष शेऱ्याच्या रकान्याकडे गेलं. तो रिकामा होता.

“तिथे काय लिहिणार?” त्यांनी हळूच विचारलं.

मामांनी पेन हातात घेतलं. आता त्यांना दोन इंग्रजी शब्द येत होते, आणि चारशे बारा माणसांत एकाच माणसाला त्यातला एक शब्द लागू पडत होता. मामांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘विसरला’.

साहेबांनी ते वाचलं. बूट काखेत धरला. मग विचारलं, “त्या दिवशी मी बाहेर पडलो, ते तुम्ही पाहिलं होतं?”

“पाहिलं ना. सगळ्यांत आधी तुम्हीच आलात. मी हाक मारली होती, साहेब. ‘सावकाश, पायरी आहे’ म्हणालो होतो.”

साहेबांचा हात गुडघ्याच्या पट्टीवर गेला.

“ऐकू आलं होतं,” ते म्हणाले.